चेक : घाट, आशय आणि शिल्लक

मराठीत समीक्षेची टंचाई आहे, असं कोणी म्हणणार नाही. कविता करणारे जितके, तितकेच कवितेवर लिहिणारे. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची तर तिसऱ्या अंकाचा पडदा पडायच्या आत होते. पण ज्या विटा रचून हे सगळे इमले उभे राहतात, त्या सुट्या शब्दाकडे कोणी समीक्षक ढुंकून बघत नाही. घर बघायला आलेला पाहुणा विटेवर बोलत नाही हे खरं; पण वीटच वाकडी निघाली तर?

तेव्हा मी एक शब्द परीक्षणासाठी घेतला आहे. शब्द इंग्रजी आहे, पण ज्यांना इंग्रजीचा गंधही नाही त्यांनाही तो येतो. शब्द आहे 'चेक'.

समीक्षकाला त्याची पात्रता विचारण्याची रीत आपल्याकडे नाही, तरी सांगून टाकतो. मी बी.कॉम. आहे. म्हणजे साहित्याशी माझा संबंध जमा-खर्चापुरता. परंतु गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून या एकाच कलाकृतीचं मी रोज वाचन करतो आहे. प्रत्येक प्रत तारखेपासून सहीपर्यंत वाचतो, मागची बाजूसुद्धा सोडत नाही, आणि कुठे खाडाखोड दिसली की तिथे लेखकाची पूर्ण सही मागतो. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून मग परीक्षण लिहिलं, असं छातीवर हात ठेवून सांगणारे समीक्षक किती निघतील, ते त्यांनीच मोजावं.

आधी घाट. समीक्षक मंडळी कलाकृतीच्या आकाराला 'घाट' म्हणतात. इंग्रजी स्पेलिंगच्या बाबतीत मात्र हा शब्द खंडाळ्याच्या घाटासारखा घ्यावा. वळणावर वळण, आणि पुढच्या वळणावर कोणतं अक्षर गप्प बसून दबा धरून आहे याचा पत्ता नाही.

सी, एच, ई, क्यू, यू, ई. एकूण सहा अक्षरं. त्यातले सी आणि एच मिळून 'च' काढतात. हे मी समजू शकतो. कॅशियरला एक मदतनीस लागतोच. पुढचा ई मात्रेचं काम निमूटपणे करतो. त्याच्याबद्दलही तक्रार नाही. पण इथून पुढे बघा. एका 'क'चं काम करायला क्यू, यू आणि ई असे तीन कर्मचारी नेमलेले आहेत. पैकी क्यू काम करतो, यू त्याच्या खांद्यावरून वाकून बघतो, आणि ई हजेरीपटावर सही करून जो चहाला जातो तो परत येत नाही. एवढा स्टाफ मंजूर करून घ्यायचा म्हटलं तर आमच्या शाखेला तीन मॅनेजर खर्ची घालावे लागतील.

अमेरिकन माणूस हेच काम सी आणि के या दोघांत भागवतो. यावर आपल्याकडच्या इंग्रजीनिष्ठ ज्येष्ठांचं मत ठरलेलं आहे. "अमेरिकनांना घाई फार हो! साहेबाचं सुंदर स्पेलिंग, पण त्यांनी त्याचे हातपाय तोडले." हे मत नेहमी मोठ्या आवाजात मांडलं जातं आणि ते साफ चूक आहे. अमेरिकनांनी काहीही तोडलेलं नाही. जोडलं ते साहेबानं.

खुद्द इंग्लंडातसुद्धा हा शब्द आधी सी-के घालूनच लिहीत. अठराव्या शतकाच्या आरंभी तिथल्या सरकारी खजिन्याचे रोखे निघत. रोखा फाडून दिल्यावर आपल्याकडे जो तुकडा राहतो, ज्याला आपण काउंटरफॉइल म्हणतो, त्याला १७०६ सालच्या सुमारास 'चेक' म्हणू लागले. कारण उघड आहे. रोखा परत आला की या तुकड्याशी ताडून बघायचा. खोट्या रोख्याला त्यानं आळा बसायचा. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नाव तुकड्यावरून उठलं आणि मुख्य कागदावर जाऊन बसलं. म्हणजे आपण ज्याला चेक म्हणतो तो मुळात चेक नव्हेच. जुन्या चेकबुकात चेक फाडल्यावर दीड-दोन इंचाची एक चिंधी उरायची, आणि गिऱ्हाईक तिच्यावर कधी चुकूनही काही लिहायचं नाही, ती खरी चेक! नाव तिचं, मान दुसऱ्याचा. बँकेत हे नवीन नाही.

क्यू-यू-ईचं स्पेलिंग अधूनमधून दिसत असे, पण हंगामी. त्याला कायम करण्याची शिफारस केली ती जेम्स विल्यम गिलबार्ट नावाच्या एका इंग्रज बँकवाल्यानं. हे गृहस्थ पुढे लंडन अँड वेस्टमिन्स्टर बँकेचे पहिले मॅनेजर झाले. त्यांनी १८२०च्या दशकात बँकिंगवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगून टाकलं की बहुतेक लेखक हा शब्द सी-के घालून लिहितात, पण मी क्यू-यू-ई वापरणार. कारणं दोन. एक तर अर्थाचा गोंधळ होत नाही. आणि दुसरं, इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याला 'एक्स्चेकर' म्हणतात, त्याच्याशी ते नातं सांगतं. वाचकहो, शुद्धलेखनाचा नियम व्याकरणकारानं नव्हे, बँकवाल्यानं घालून दिला! आमच्या व्यवसायाच्या इतिहासात असे अभिमानाचे क्षण थोडेच.

आपल्याकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आला १८८१ साली. तोवर साहेबाच्या देशात क्यू-यू-ई कायम झालं होतं, त्यामुळे आपल्या कायद्याच्या सहाव्या कलमात चेकची व्याख्या आली ती त्याच पोशाखात. अमेरिकेनं गिलबार्टसाहेबांची शिफारस फाईल केली आणि जुनंच स्पेलिंग चालू ठेवलं. तात्पर्य, या घराण्यात सी-के हा थोरला भाऊ आहे आणि क्यू-यू-ई धाकटा. फक्त धाकटा कोट घालून येतो म्हणून आपण त्याला थोरला समजतो.

ही सगळी पुराणकथा सांगण्याचं एक कारण आहे. आमच्या शाखेत एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर येतात. त्यांचं पेन्शन आमच्याकडे, ठेव आमच्याकडे, आणि पासबुक भरून घ्यायला आले की मशीनपेक्षा माझ्यावर विश्वास जास्त. मध्यंतरी त्यांना चेकबुक हवं झालं. त्यांनी कोणाची मदत न घेता इंग्रजीत अर्ज लिहिला आणि त्यात 'चेक' लिहिला तो सी-के घालून. नुकत्याच रुजू झालेल्या आमच्या एका तरुण अधिकाऱ्यानं त्या शब्दाभोवती तांबड्या शाईनं गोल काढला, कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला, आणि म्हणाला, "काका, ज्याचं स्पेलिंग येत नाही ते घेऊन करणार काय?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. काका हसले नाहीत. त्यांनी अर्जाची चौघडी केली, खिशात घातली आणि हळूच म्हणाले, "खरंय साहेब. राहू द्या. स्लिप भरूनच काढत जाईन."

ज्या माणसानं उभ्या हयातीत रोज रात्री डेपोत पै-पैचा हिशेब जुळवून दिला, भर गर्दीत सुट्या पैशांवरून होणारी भांडणं तोंडी सोडवली, त्याला एका 'क'नं स्वतःच्याच पैशावरचा हक्क सोडायला लावला. आणि तो 'क'सुद्धा बरोबर होता! मी त्यांना माझ्या काउंटरकडे बोलावलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं, "मास्तर, मराठीत लिहा." त्यांनी एका दमात लिहिलं. देवनागरीत 'चेक' चुकवायला विशेष प्रतिभा लागते. आठ-दहा दिवसांत चेकबुक पोस्टानं त्यांच्या घरी पोचलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्या अधिकाऱ्याला गिलबार्टसाहेबांची हकीकत सविस्तर सांगितली. त्यानं डबा संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण सिस्टीममध्ये क्यू-यू-ई आहे." यावर उत्तर नाही. पूर्वी वेदात आहे म्हटलं की वाद मिटायचा, आता सिस्टीममध्ये आहे म्हटलं की मिटतो.

असो. आता नाद, म्हणजे उच्चार. या बाबतीत मात्र कलाकृतीला पैकीच्या पैकी गुण. आपल्या मराठीत 'च' दोन आहेत. एक 'चार'मधला आणि दुसरा 'चारा'मधला. 'चाक'मधला 'च' दातांवर आपटतो, 'चहा'मधला टाळूला लागतो. परका शब्द घरात घेताना यातला कोणता 'च' द्यायचा, हा मोठा प्रश्न होता. मराठी माणसानं परिषद भरवली नाही, समिती नेमली नाही; सरळ चहातला 'च' देऊन टाकला. बँकेतल्या कामकाजाचा त्याचा अभ्यास यातून दिसतो. इंग्रजांचा 'ए' थोडा आखूड, आपला थोडा लांब, एवढाच फरक. बाकी ऑक्सफर्डपासून औशापर्यंत हा शब्द सगळ्यांच्या तोंडी जवळजवळ एकच. न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेला मुलगा 'वॉटर'चं 'वॉडर' करतो, 'शेड्यूल'चं 'स्केज्युल' करतो, पण 'चेक' मात्र वडिलांसारखाच म्हणतो. घराण्याचा एवढा तरी वारसा टिकला.

स्पेलिंगचा पोशाख उतरवल्यावर हा शब्द किती सुटसुटीत आहे, ते नादावरून कळतं. इंग्रजीत हाच उच्चार तीन वेषांत फिरतो. बँकेचा चेक क्यू-यू-ईचा. तपासणं, आळा घालणं आणि शर्टावरच्या चौकटी, हे सारं सी-केचं. आणि तिसरे ते चेक लोक, ज्यांच्या झ्लिन गावी १८९४ साली बाटाचा बुटांचा धंदा सुरू झाला. त्यांचं स्पेलिंग सी-झेड-ई-सी-एच. आता एखाद्या चेक गृहस्थानं चेक्सचा शर्ट घेतला, पैसे चेकनं दिले आणि दुकानदारानं तो चेक चेक केला, तर इंग्रजी कारकुनाला तीन स्पेलिंगं आठवावी लागतील. आपल्याला दोन अक्षरं आणि एक मात्रा पुरते. आमच्या त्या तरुण अधिकाऱ्याची तांबडी शाई देवनागरीत किती वाचली असती!

मराठीनं चेकला लिंगही विचारपूर्वक दिलं आहे. चेक पुल्लिंगी, शिल्लक स्त्रीलिंगी आणि व्याज नपुंसकलिंगी. तो चेक बाहेर हिंडतो, ती शिल्लक घरी बसून झिजत जाते, आणि ते व्याज दोघांच्या मध्ये पडून काही करू शकत नाही.

आता आशय. इथे वाचकानं जरा सावरून बसावं, कारण हा शब्द दिसतो तसा इंग्रजी नाहीच.

आपण बुद्धिबळात राजाला धमकावताना काय म्हणतो? 'शह'. इंग्रज काय म्हणतो? 'चेक'. हे दोन शब्द एकच आहेत. दोघांचा बाप फारसी 'शाह', म्हणजे राजा. खेळ आपल्याकडून चतुरंग म्हणून इराणात गेला. तिथे राजावर चाल आली की खेळणारा 'शाह!' म्हणून सावध करी. इराणकडून तो अरबांकडे गेला, अरबांकडून युरोपात, आणि वाटेत लॅटिन व फ्रेंच लोकांनी त्या 'शाह'ला असं काही चावलं की इंग्लंडच्या किनाऱ्यावर तो उतरला 'चेक' होऊन. आपल्या 'शहमात'चं तिथे 'चेकमेट' झालं. खुद्द 'चेस' हे खेळाचं इंग्रजी नावसुद्धा याच शब्दाच्या अनेकवचनातून आलेलं. म्हणजे आपल्या पंचायत समितीत एक गट दुसऱ्याला 'शह' देतो आणि त्याच दिवशी ठेकेदाराला 'चेक' देतो, तेव्हा एकाच शब्दाची दोन्ही टोकं एका छपराखाली येतात.

आता खेळातला शब्द खजिन्यात कसा शिरला? त्याचीही गंमत आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेब एका मोठ्या टेबलावर होत. टेबल सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. त्यावर रेघा आखलेलं कापड अंथरलेलं. कोणाला लेखी बेरीज धड येत नसे, म्हणून त्या रेघांमध्ये सोंगट्या ठेवून पौंड, शिलिंग आणि पेन्स मोजायचे. एका बाजूला राजाचा खजिनदार, समोर जिल्ह्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ. कापड बुद्धिबळाच्या पटासारखं, आणि मांडणीही तशीच, म्हणून त्या कचेरीलाच 'पट' म्हणू लागले. तेच एक्स्चेकर. गिलबार्टसाहेबांनी ज्या घराण्याचा कोट चेकला चढवला, ते घराणं हे असं सोंगट्यांचं.

याच कचेरीत पावती म्हणून काठ्या चालत. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरायची. अर्धी एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. दोन्ही अर्धकं जुळली की हिशेब जुळला. या काठ्यांचा कारभार चालला चक्क १८२६ सालापर्यंत. मग त्या साचलेल्या काठ्यांचं करायचं काय? १६ ऑक्टोबर १८३४ या दिवशी लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत त्या जाळायला घेतल्या. भट्ट्या इतक्या तापल्या की संध्याकाळी पार्लमेंटची इमारतच पेटली. जुनं रेकॉर्ड नष्ट करण्याबाबतचं परिपत्रक न वाचता काम केलं की काय होतं, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

तर शब्दाचा मूळ अर्थ बघा. राजाला 'चेक' म्हणजे 'थांब! पुढचं पाऊल जपून टाक'. त्यातून चेक म्हणजे अडवणं, मग आळा घालणं, मग पडताळून बघणं. चेकनाका, चेकपोस्ट, चेकअप, रेल्वेतला चेकर, सगळे या एका 'थांब'चे वंशज. राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'चेक्स अँड बॅलन्सेस' असा एक भारदस्त शब्दप्रयोग आहे. सत्तेनं बेफाम होऊ नये म्हणून एकानं दुसऱ्याला अडवायचं. माझ्या काउंटरवर यातले चेक्स भरपूर येतात, बॅलन्स तेवढा नसतो.

आणि नेमक्या याच शब्दाला बँकेत अर्थ आला आहे, 'दे! लगेच दे!' मुळात जो शब्द 'थांब' म्हणून ओरडत होता, तो आता पैसे सोडायचा हुकूम देतो. आणि तो हुकूम अडवायचा असेल तर गिऱ्हाईकाला 'स्टॉप पेमेंट'चा अर्ज द्यावा लागतो. म्हणजे 'थांब'ला थांबवायचा अर्ज. आधुनिक कवितेत असा अंतर्विरोध सापडला की समीक्षक त्यावर चाळीस पानं लिहितात. आम्ही त्याचे चार्जेस लावतो.

आता अनुवादाकडे वळू. शासनानं चेकला 'धनादेश' हा शब्द दिला. त्याची टिंगल करण्याची पद्धत आहे; मी करणार नाही. अर्थाच्या दृष्टीनं हा शब्द मूळ शब्दापेक्षा सरस आहे. चेक म्हणजे बँकेला दिलेला आदेशच असतो, आणि आदेश धनाचाच असतो. 'चेक' या शब्दात ना धन, ना आदेश. फसलं ते एवढंच की 'धनादेश' ऐकला की वाटतं, आता मागून चोपदार येणार. साडेसातशे रुपयांच्या वीजबिलाला तो शोभत नाही. तो परत गेला की 'अनादरित' होतो. मग तर एखाद्या सत्पुरुषाचा भर सभेत अपमान झाल्यासारखं वाटतं.

आणि या भानगडीत लोकांनी आपला एक अस्सल शब्द नकळत वाचवून ठेवला, तिकडे कोणाचं लक्ष नाही. चेक 'वटतो'. बँका आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या पेठांत हुंड्या वटत होत्या, हुंडी वटवताना कापायच्या रकमेला 'वटाव' म्हणत. साहेबाचा कागद आला, हुंडीच्या जागी बसला, पण क्रियापद आपलंच राहिलं. नाम परकं, क्रियापद घरचं. संसार अशानंच चालतो. 'चेक वटला' या दोन शब्दांत जो सुटकेचा श्वास आहे, तो 'धनादेशाचे प्रदान झाले' या तीन शब्दांत नाही. आणि 'वटला नाही' यात जी धास्ती आहे ती तर कायद्यानंही ओळखली आहे. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू आहे, आणि आज त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. साहित्यात वचनभंगावर शेकडो कादंबऱ्या झाल्या; पण वचन मोडलं म्हणून नायकाला आत टाकणारी कलाकृती ही एकच.

समीक्षकानं दोष दाखवावेत तसे गुणही दाखवावेत. म्हणून या कलाकृतीतलं माझं सर्वांत आवडतं सौंदर्यस्थळ शेवटी सांगतो. चेकवर रक्कम दोनदा लिहावी लागते, एकदा अंकी, एकदा अक्षरी. समजा, दोन्हींत तफावत पडली. अंक म्हणतात पाच हजार, अक्षरं म्हणतात चार हजार. कोणाचं खरं? आम्ही कॉमर्सवाले बेधडक म्हणू, आकड्याचं. १८८१ चा कायदा कलम १८ मध्ये म्हणतो, अक्षराचं. शब्दांत लिहिलेली रक्कम हीच खरी रक्कम. व्यवहारात आम्ही असा चेक 'अंक व अक्षरांत फरक' असा शेरा मारून परत करतो, ती गोष्ट वेगळी; आमचा कोणावरच विश्वास नाही. पण कायदा बघा! ज्या धंद्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत आकड्यांचं राज्य, तिथे निवाड्याची वेळ आली की कायदा शब्दाच्या बाजूनं उभा राहतो. साहित्य संमेलनाच्या मांडवात शब्दाच्या सामर्थ्यावर बरीच भाषणं होतात, पण कलम १८ एवढं थोडक्यात आणि दस्तुरखुद्द सरकारच्या सहीशिक्क्यानिशी कोणी बोललेलं नाही.

आणि ते शब्द इंग्रजीतच हवेत असंही नाही. चेक हिंदीत लिहा, इंग्रजीत लिहा किंवा त्या त्या प्रदेशाच्या भाषेत लिहा, अशी मुभा रिझर्व्ह बँकेनंच ग्राहकाला दिलेली आहे. 'रुपये चाळीस हजार मात्र' हे मराठीत लिहिलेलं तितकंच वजनदार आहे. तरी रोज माझ्यासमोर पेन हातात धरून थबकलेली माणसं उभी असतात. 'फॉर्टी'त यू आहे की नाही, 'नाइन्टी'त ई आहे की नाही, या चिंतेनं कपाळाला घाम. 'फोर'मध्ये यू असतो आणि 'फॉर्टी'त नसतो, हा गुन्हा त्यांनी केलेला नाही; तो इंग्रजीनं केला आहे. शिक्षा मात्र यांना. पैसे त्यांचे, बँक त्यांच्या पैशांवर चालते, आणि लाजायचं त्यांनी! मी हळूच म्हणतो, "आजी, मराठीत लिहिलं तरी चालतं." त्यावर त्या आधी अविश्वासानं बघतात, आणि मग एवढ्या झरझर लिहितात की 'मात्र'नंतरची रेघसुद्धा ओढून मोकळ्या होतात. शब्दाची समीक्षा करायची ती यासाठी. शब्द कुठून आला, वाटेत त्याचे कपडे किती वेळा बदलले, हे कळलं की त्याच्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं कारण उरत नाही.

आता निकाल. घाट : सदोष, स्टाफ फाजील. नाद : उत्तम. आशय : अतिशय समृद्ध, मूळ भांडवल निम्मं आपलं. अनुवाद : अर्थ अचूक, तोंडात बसत नाही. शिल्लक : हाच काय तो प्रश्न आहे. कारण कलाकृतीची आवृत्ती संपत आली आहे. डेन्मार्कच्या बँकांनी २०१७ पासून चेक बंद केला. न्यूझीलंडनं २०२१ मध्ये त्याला निरोप दिला. इंग्लंडात २००९ साली असा बेत ठरला होता की ऑक्टोबर २०१८ पर्यंत चेक मोडीत काढायचा. पण लोकांनी असा गलका केला की जुलै २०११ मध्ये तो बेत मागे घ्यावा लागला. चेकला शह, शहाला काटशह. आपल्याकडे १ एप्रिल २०१२ पासून चेकचं आयुष्य सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आलं. त्यानंतर तो स्टेल, म्हणजे शिळा. क्लिअरिंगला पूर्वी चेकांचे गठ्ठे जायचे, आता नुसता फोटो जातो. भाजीवालीच्या गाडीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद लटकलेला असतो. त्यावर मोबाईल धरला की काम झालं. गंमत म्हणजे तो कागदही बुद्धिबळाच्या पटासारखाच दिसतो. राजाचं एक्स्चेकर शेवटी भाजीच्या गाडीवर आलं.

पण शब्दाची काळजी नको. मोबाईलवरून पैसे पाठवल्यावर गिऱ्हाईक भाजीवालीला काय म्हणतं? "मावशी, आले का बघा, चेक करा." कागदाचा चेक उद्या जाईल, हा चेक राहणार. आणि त्याचं स्पेलिंग? सी-के. थोरल्या भावाचं. गिलबार्टसाहेबांनी कायम केलेले ते तीन कर्मचारी, क्यू, यू आणि ई, मग एकदमच सेवानिवृत्त होतील. त्यांच्या निरोपसमारंभाचं भाषण मी आनंदानं करीन. वर्गणी मात्र रोख द्यावी; चेक स्वीकारला जाणार नाही.